दयेचा हिशोब कोणी ठेवावा?

ख्रिस्तजन्माच्या सणापूर्वी जे चार रविवार येतात त्यांच्या काळास आगमनकाळ म्हणतात, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. ३० नोव्हेंबर हा प्रेषित अंद्रिया याचा स्मरणदिन. त्यास जो रविवार सर्वांत जवळचा, त्या दिवशी ह्या काळास आरंभ होतो. यास्तव तो २७ नोव्हेंबरच्या आधी किंवा ३ डिसेंबरच्या नंतर कधीही सुरू होत नाही, आणि त्याचे दिवस कमीत कमी २२ व जास्तीत जास्त २८ भरतात. ह्या दिवसांत प्रभूच्या येण्याची वाट पाहावी व अंतःकरण सिद्ध करावे, असा मंडळीचा जुना प्रघात आहे.

अलीकडे कित्येक शब्बाथशाळांतून, वसतिगृहांतून व ख्रिस्ती शाळांतून मुलांकडून हा काळ पाळून घेण्याची एक नवी रीत पडत चालली आहे. भिंतीवर एक तक्ता लावतात. त्यात दिवसागणिक एकेक चौकोन आखलेला असतो, आणि प्रत्येक चौकोनात एक सत्कृत्य लिहिलेले असते: आज आईस पाणी भरण्यास मदत करा, आज एखाद्या आजाऱ्याच्या भेटीस जा, आज ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याच्याशी बोला. कृत्य झाले की मुलाने त्या चौकोनात खूण करावयाची. सायंकाळी दहा मिनिटे मनन व प्रार्थना होते. कोठे कोठे नाताळच्या दिवशी, ज्याच्या खुणा अधिक त्यास बक्षीसही देतात.

ही रीत चांगल्या हेतूने निघाली आहे आणि तिच्यापासून पुष्कळ हित होण्यासारखे आहे, असे आम्हांस वाटते. नवे कपडे, रोषणाई व मिठाई ह्यांतच मुलांचा सण संपून जावा, यापेक्षा हे शतपटीने बरे. परंतु जो उपदेशक किंवा जी शिक्षिका ही रीत चालवू पाहते, तिच्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात, आणि ते टाळून पुढे जाणे योग्य नाही. पहिला असा की, सांगून करविलेली दया ही दया होय काय? दुसरा असा की, जिची खूण करून ठेविली ती दया खूण करताच काहीतरी गमावून बसत नाही काय? ह्या दोहोंचा आज विचार करू.

प्रथम ह्या काळाच्या इतिहासाकडे वळू, कारण त्यात आमच्या प्रश्नास उपयोगी असे काही आहे. योहान हिनरिक विखर्न नावाच्या एका तरुणाने, धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा केल्यावर, १८३३ साली जर्मनीतील हांबुर्ग शहराजवळ निराश्रित व वाईट मार्गास लागलेल्या मुलांसाठी एक घर काढले. ते 'राउहेस हाउस' ह्या नावाने प्रसिद्ध आहे. सर्व मुलांस एका मोठ्या इमारतीत कोंडण्याऐवजी त्यांची लहान लहान कुटुंबे करावी आणि प्रत्येक कुटुंबावर एक वडील भाऊ नेमावा, अशी तेथील व्यवस्था होती. नाताळ केव्हा येणार, असे तेथील मुले वारंवार विचारीत, म्हणून विखर्नने १८३९ च्या आगमनकाळात गाडीचे एक लाकडी चाक घेऊन त्यावर मेणबत्त्या बसविल्या, असे सांगतात. रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांसाठी वीस लहान तांबड्या. त्या वर्षी पहिला आगमन-रविवार १ डिसेंबरला आला होता, म्हणून दिवस २४ झाले. रोज एक मेणबत्ती अधिक लावावी, आणि प्रकाश वाढत वाढत नाताळपर्यंत पोहोचावा, अशी ती योजना होती. आज अनेक देशांतील मंडळ्यांत चार मेणबत्त्यांचे जे आगमनचक्र दिसते, त्याचे मूळ हेच. पुढे कित्येक जर्मन घरांत दारावर खडूच्या रेघा ओढून रोज एक पुसावयाची चाल पडली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच कल्पनेच्या छापील दिनदर्शिका निघाल्या. काही घरांत असेही करीत की, रिकामी गव्हाणी मांडून ठेवावी आणि मुलाने एखादे सत्कृत्य केले की तिच्यात गवताची एक काडी ठेवावी, म्हणजे बाळ येशूस अंथरूण मऊ होईल.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. हांबुर्गच्या त्या चाकावर दिवस मोजले जात होते, मुलांचे गुण नव्हे. मेणबत्ती लागे ती तारीख आली म्हणून लागे. त्या दिवशी कोणी भांडले, कोणी खोटे बोलले, तरी तिचा प्रकाश सर्वांवर सारखाच पडे. गव्हाणीतील काडीची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती मुलाच्या कृत्यावर अवलंबून. ह्या दोन रीतींतला भेद लहान दिसतो, परंतु आमचे पुढील सर्व म्हणणे त्या भेदावर उभे आहे.

आमच्या मंडळ्यांपुरते एक आणखी सांगितले पाहिजे. १८१३ साली मुंबईस आलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे ज्या अमेरिकन मिशनचे, त्या मिशनची मुळे न्यू इंग्लंड प्रांतातील प्युरिटन मंडळ्यांत होती. त्या प्युरिटन लोकांस सणवार पाळणे मान्य नव्हते. मॅसाच्युसेट्स येथे तर १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्यास दंड करण्याचा कायदाच होता. अँग्लिकन मंडळ्या मात्र वर्षाचे हे सर्व काळ पहिल्यापासून पाळीत आल्या. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांचे ऐक्य होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, आणि तो दिवस त्या वर्षीचा पहिला आगमन-रविवार होता. ज्यांचे पूर्वज हा काळ पाळीत नसत व ज्यांचे पाळीत असत, ते उभयता त्या दिवशी एका मंडळीत आले. तेव्हा आगमनकाळ ही काही देवाने घालून दिलेली आज्ञा नव्हे. पौल रोमकरांस लिहितो त्याप्रमाणे, जो दिवस पाळतो त्याने तो प्रभूसाठी पाळावा, आणि जो पाळत नाही त्यास दोष देऊ नये. आम्ही हा काळ मोकळेपणाने घेतो, म्हणून तो मुलांवर जू होऊन बसणार नाही याची काळजीही आम्हीच घेतली पाहिजे.

आता पहिला प्रश्न. सांगून करविलेली दया खरी काय? कोणी म्हणेल, दया अंतःकरणातून उमटते. तक्त्यात लिहिले आहे म्हणून मुलाने म्हातारीची घागर उचलली, तर ती दया नव्हे, कवाईत होय. ह्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच आहे. ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल याने फार पूर्वी दाखवून दिले की, घरे बांधून बांधूनच मनुष्य गवंडी होतो, तद्वत् न्यायाची कृत्ये करून करूनच तो न्यायी होतो. आमच्या घरांतील मुलींकडे पाहा. मुलगी पहिली भाकरी थापते तेव्हा ती फाटते, एका बाजूस जाड होते व दुसऱ्या बाजूस करपते. तेव्हा तिच्या मनात भाकरीविषयी प्रेम आहे किंवा नाही, हे तिची आई विचारीत नाही. ती परातीत पुन्हा पीठ ओढते आणि म्हणते, आणखी एक थाप. वर्षादोनवर्षांनी तीच मुलगी तापाने आजारी पडलेल्या आईसाठी आपण होऊन चूल पेटविते. हाताला वळण आधी लागले. मन त्याच्या मागून आले.

कांट ह्या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या नीतिविषयक ग्रंथात याहूनही कडक विचार मांडला आहे. ज्याचा स्वभावच कनवाळू, त्यास परोपकारात सुख वाटते; त्याचे कृत्य स्तुत्य खरे. परंतु ज्याचे मन दुःखाने थंड झाले आहे, ज्यास कोणाविषयी काही वाटत नाही, तोही कर्तव्य म्हणून दुसऱ्यास हात देतो, तेव्हा नीतीचे मोल अधिक उघड दिसते, असे त्याचे म्हणणे. हे सर्वस्वी आम्ही मान्य करीत नाही, कारण कोरड्या मनाने दिलेला हात घेणाऱ्यास लागतो. तथापि इतके खरे की, मनात उमाळा येईपर्यंत थांबावे असे शास्त्रातही सांगितलेले नाही. बाप्तिस्मा करणारा योहान हा तर आगमनकाळाचा मुख्य संदेष्टा. लोकांनी त्यास विचारले की, आम्ही करावे तरी काय? तेव्हा त्याने त्यांस मोठमोठ्या भावना सांगितल्या नाहीत. ज्याच्यापाशी दोन अंगरखे त्याने एक द्यावा, अन्नाविषयीही तसेच करावे. जकातदाराने ठरल्याहून अधिक घेऊ नये. शिपायाने जुलूम करू नये व आपल्या पगारात तृप्त असावे. लूकच्या तिसऱ्या अध्यायात हे आहे. म्हणजे प्रभूची वाट सिद्ध करणे ही त्याच्या दृष्टीने अगदी रोजची, हाताने करावयाची गोष्ट होती, आणि ती त्याने स्पष्टपणे सांगून करविली. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देतो की, मुलांस सांगावे, लाजू नये. सांगून केलेली दया ही पुरी दया नसेल, परंतु दयेची पाटी गिरविणे ते आहे.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. हाताला वळण लागते हे खरे. परंतु कसले वळण? रोज एक सत्कृत्य करून रोज त्याची खूण करणारा मुलगा दोन गोष्टी शिकतो. एक, दुसऱ्यास मदत करणे. दुसरी, आपल्या मदतीची मोजदाद ठेवणे. ह्यांपैकी पहिली हळूहळू अंगवळणी पडते, दुसरी मात्र मनुष्यास उपजतच गोड लागते. मंदिरात प्रार्थना करणारा परूशी खोटे बोलत नव्हता. तो खरोखरच उपास करीत होता, खरोखरच दशमांश देत होता. त्याचा तक्ता पुरा भरलेला होता. त्याच्या शेजारी मान खाली घालून उभ्या असलेल्या जकातदाराकडे पाहून त्यास काय वाटले, हे आपण जाणतो. ज्या तक्त्यामुळे एका मुलाच्या वीस खुणा व दुसऱ्याच्या सात खुणा भिंतीवर सर्वांस दिसतात, तो तक्ता आमच्या शाळेत तोच प्रसंग पुन्हा उभा करीत आहे.

ह्यास प्रभूच्या शिकवणीत दोन ठिकाणी उत्तर आहे. डोंगरावरील प्रवचनात त्याने सांगितले की, दानधर्म करिताना कर्णा वाजवू नये, आणि उजवा हात काय करतो हे डाव्या हातास कळू नये. आमच्या वेळचा कर्णा म्हणजे हातातील मोबाइल. आजाऱ्यास फळे देताना, गरीब मुलास वही देताना छायाचित्र काढून ते लगेच सर्वांस पाठविण्याची सवय मोठ्यांस लागली आहे, व मोठ्यांचे पाहून मुले शिकतात. दुसरे ठिकाण मत्तयाचा पंचविसावा अध्याय. न्यायाच्या दिवशी राजा नीतिमानांस त्यांची सत्कृत्ये वाचून दाखवितो, आणि ते आश्चर्य करितात. प्रभू, तू भुकेला केव्हा होतास व आम्ही तुला केव्हा जेवावयास घातले, असे ते विचारितात. वाचकहो, ह्या प्रश्नावर थोडे थांबा. त्यांच्यापाशी वही नव्हती! राजापाशी होती. जे त्यांनी केले ते त्यांच्या आठवणीतून निघून गेले होते, आणि त्यांनी जे विसरले तेच राजाने लिहून ठेविले होते. दयेचा हिशोब आहे. तो ठेवणारा आम्ही नव्हे, इतकेच.

मग वही मुळीच ठेवू नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. मुलांस लिहिण्याने विचाराची सवय लागते आणि सायंकाळच्या मननास काही आधार लागतो. आम्ही सुचवितो ते असे: वहीत आपण केलेली दया लिहू नये, आपणास मिळालेली दया लिहावी. आज माझ्यावर कोणी दया केली? पहाटे उठून डबा कोणी केला? एसटी चुकली तेव्हा मला सायकलवर पुढे कोणी बसविले? गणित सुटेना तेव्हा कोणी समजाविले? मी रागाने बोललो तरी उलट कोण बोलले नाही? ह्या वहीत गर्वास जागा नाही, कारण तिच्यातील प्रत्येक ओळ दुसऱ्याच्या नावावर असते. आणि असे लिहू लागलेला मुलगा पाचसहा दिवसांतच एका गोष्टीने चकित होतो. आपण ज्यांच्या उपकारांवर दिवसभर जगतो ती माणसे, ते उपकार करिताना, त्यांची खूण कोठेच करीत नाहीत.

ह्या ठिकाणी आम्ही आमच्या लोकांविषयी थोडे बोलू इच्छितो. आमच्या मंडळ्यांपैकी पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांनी दुसऱ्यांची दया घेतलेली आहे. दुष्काळात मिळालेले धान्य, परदेशातून पेट्यांत भरून आलेले कपडे, मिशनच्या शाळेतील फुकट शिक्षण, हे सर्व त्यांनी घेतले. ज्यांनी दिले त्यांचे आम्ही ऋणी आहो. परंतु घेणाऱ्यास कसे वाटते, हे आमच्या घरांत माहीत आहे. काही देणारे समोर बसून दोन घास बोलत. काही रांगेत उभे करून नाव लिहून घेत. धान्य दोघांचेही सारखेच भरत असे, परंतु त्यांच्या आठवणी घराघरांत वेगळ्या राहिल्या आहेत. म्हणून आपल्या मुलास देण्यास शिकविताना, आपण स्वतः एके काळी घेणारे होतो, हे त्यास सांगावे. जो मुलगा हे जाणतो तो समोरच्याची मान खाली जाईल असे देणार नाही.

आता दयेचा व वाट पाहण्याचा संबंध काय, हे पाहू. नाहीतर कोणी विचारील की, दया बाराही महिने करावयाची. तिला आगमनकाळच कशाला? वाट पाहणाऱ्याचे डोळे रस्त्याकडे असतात. मुलगा ऊसतोडीहून परत यावयाचा असला म्हणजे म्हातारी दारात बसते, आणि लांबून येणारा प्रत्येक मनुष्य ती निरखून पाहते. जो वाट पाहत नाही त्याच्या समोरून लोक जातात, परंतु त्यास ते दिसत नाहीत. दयेचा आरंभ ह्या दिसण्यात आहे. तक्त्यात आधीच लिहिलेल्या कृत्याचा मोठा दोष हाच की, ते करावयास समोरच्या मनुष्याकडे पाहावेच लागत नाही. 'आज एका वृद्धास पाणी द्या' असे लिहिले असले तर मुलगा पहिला वृद्ध गाठून, त्यास तहान असो वा नसो, त्याच्या हाती तांब्या देतो आणि पळत येऊन खूण करतो. त्या म्हाताऱ्यास कदाचित पाणी नको होते. त्यास मुलाच्या पत्राचा मजकूर कोणी वाचून दाखवावयास हवा होता. यास्तव मुलांस कृत्ये नेमून देण्यापूर्वी त्यांस पाहावयास शिकविले पाहिजे.

ह्या विचारास अनुसरून आम्ही चार आठवड्यांचा एक क्रम सुचवितो. तो उपदेशक बंधूंनी व शिक्षिका भगिनींनी आपापल्या ठिकाणच्या मानाने बदलून घ्यावा.

पहिला आठवडा पाहण्याचा. ह्या आठवड्यात काहीच करावयाचे नाही. फक्त रोज एका अशा मनुष्याकडे लक्ष द्यावयाचे, ज्याच्याकडे आपले लक्ष एरवी जात नाही. शाळेतील शिपाईमामा, वर्गात मागे एकटा बसणारा मुलगा, रेशनच्या दुकानाबाहेर टेकलेली आजी. विशेषतः आगमनकाळ येतो तो ऊसतोडीच्या हंगामात येतो. दिवाळी आटोपली की बीड, अहिल्यानगर व आसपासच्या कोरड्या तालुक्यांतून टोळ्या कारखान्यांकडे निघून जातात. मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सरकारी योजना आहे, तरी पुष्कळ मुले आईबापांच्या मागे फडावर जातात. वर्गातील कोणती जागा रिकामी झाली, कोणत्या घरात आजी एकटी मागे राहिली, हे आमच्या मुलांनी पाहिले आहे काय?

दुसरा आठवडा गुप्तपणे करण्याचा. आता ज्यांस पाहिले त्यांच्यासाठी रोज एक लहान काम, कोणास न सांगता. मागे राहिलेल्या आजीची घागर भरून ठेवणे; फडावर गेलेल्या सोबत्यासाठी धडे वेगळ्या वहीत उतरवून ठेवणे, म्हणजे तो परतल्यावर त्याचे वर्ष बुडणार नाही; ज्या मुलास कोणी खेळात घेत नाही त्यास आपल्या बाजूस घेणे. शिक्षकाने विचारू नये, मुलाने सांगू नये.

तिसरा आठवडा समेटाचा. वेदीपाशी आलेल्यास आपल्या भावाची आठवण झाली तर आधी जाऊन समेट करावा, असे प्रभूने सांगितले. मुलांनी आपल्या स्वतःच्या भांडणांपुरते हे करावे. बांधाचे, पाण्याच्या पाळीचे, वाटणीचे जे तंटे वडील माणसांत आहेत, ते मिटविण्याचा भार मुलांच्या डोक्यावर कोणीही घालू नये. ते वडिलांचे काम आहे व त्यांचाही आगमनकाळ चालू आहे. आणि एक गोष्ट स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. ख्रिस्ती होऊन तीनचार पिढ्या झाल्या तरी पूर्वीच्या जातीची आठवण कित्येक मंडळ्यांत जिवंत आहे. एकाच मंदिरात एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी माणसे एकमेकांच्या आळीत जेवावयास जात नाहीत, सोयरीक तर दूरच. मुलांस हे कोणी शिकवीत नाही, तरी ती शिकतात. ह्या आठवड्यात मुलांनी त्या आळीत जावे, तेथे बसावे, तेथले पाणी प्यावे. उपदेशकाने आधी जावे.

चौथा आठवडा घेण्याचा. हा सर्वांत कठीण. ह्या आठवड्यात मुलांनी दुसऱ्याचा उपकार मान खाली न घालता व फेडीची घाई न करिता स्वीकारावयास शिकावे. हे का, असे कोणी विचारील तर त्यास गव्हाणी दाखवावी. आमचा तारणारा आला तेव्हा तो बालक होऊन आला. त्यास कोणीतरी बाळंत्यात गुंडाळले, कोणीतरी निजविले, कोणीतरी पाजले. सर्व काही देणारा तो प्रथम घेणारा झाला, आणि एका गरीब बाईची सेवा घेण्यात त्यास लाज वाटली नाही. ज्यास घेता येत नाही त्याचे देणेही मनापासूनचे नसते. ते उपकार करून वर राहण्याचे साधन असते.

रोजच्या सायंकाळी पाच मिनिटे शांत बसावे. जखऱ्या याजकाची वाचा योहान जन्मेपर्यंत बंद झाली होती, आणि जेव्हा तोंड उघडले तेव्हा त्यातून प्रथम स्तुती निघाली. मुलांसही थोडे मुके राहावयास शिकवावे. मग तीन प्रश्न मनातल्या मनात विचारावे: आज मी कोणास पाहिले? आज कोणास पाहून मी नजर वळविली? आज माझ्यावर कोणी दया केली? ह्यांपैकी तिसऱ्याचेच उत्तर वहीत लिहावे. पहिली दोन देवापाशी राहू द्यावी. एखाद्या दिवशी मुलाच्या हातून काहीच झाले नाही, तर त्यास दटावू नये. मेणबत्ती तरीही लावावी.

एक इशारा द्यावयाचा राहिला. आमच्या शेजारी हिंदू आहेत, बौद्ध आहेत, मुसलमान आहेत, आणि आमच्या शाळांतील मुलांतही ते पुष्कळ आहेत. मुलाने शेजाऱ्यास मदत करावी ती शेजारी आहे म्हणून, तिच्यात गळ लावून नव्हे. शोमरोनी मनुष्याने वाटेत पडलेल्या जखमीस त्याचा धर्म विचारिला नाही, आणि तो बरा झाल्यावर त्याच्यापासून काही मागितल्याचेही प्रभूने सांगितले नाही. ज्या दयेमागे दुसरा हेतू दडलेला आहे ती समोरच्यास चटकन कळते, आणि खरी दयाही त्यामुळे संशयात सापडते.

आता उपदेशक बंधू विचारतील की, मुलांनी सांगावयाचे नाही व आपण विचारावयाचे नाही, तर मुले खरोखर काही करितात की नाही, हे आपणास कळावे कसे? ह्याचे उत्तर असे की, ते कळणार नाही. हे आम्हांस सोसले पाहिजे. मार्काच्या चौथ्या अध्यायात प्रभूने अशा एका मनुष्याचा दाखला दिला आहे की, तो बी टाकतो, रात्री निजतो, दिवसा उठतो, आणि बी कसे रुजते व वाढते हे त्यास कळत नाही. आमचे वाचक शेतकरी आहेत. शाळू पेरल्यावर तो उगवला की नाही हे पाहण्यास कोणी रोज सकाळी माती उकरीत नाही. उकरील तर पीक हातचे जाईल. मुलांस वाट पाहावयास शिकविणाऱ्याने स्वतः इतकी वाट पाहावी.

तेव्हा ह्या वर्षी भिंतीवर तक्ता लावणार असाल तर त्यात चौकोनांऐवजी केवळ तारखा लिहा, आणि रोज सायंकाळी सर्व मुलांनी मिळून एक तारीख खोडा. नाताळच्या सकाळी तो तक्ता काढून ठेवा. बक्षीस कोणासही देऊ नका. करंज्या व लाडू सर्वांस सारखे वाटा, आणि ज्या घरची माणसे फडावर आहेत त्या घरचा वाटा बाजूस काढून, दोन मुलांच्या हाती, मागे राहिलेल्या आजीकडे पाठवा.